अमावास्येला जरा जपावं लागतं

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेली नाही. नवऱ्याच्या नाही, बहिणीच्या नाही. देवीपुढे उभी राहते तेव्हा तर मुद्दाम भलत्याच चुका कबूल करत बसते — सासूला उलट बोलले, संकष्टीला विसरून शेव खाल्ली, एका मुलीचा पेपर रागात तपासला — म्हणजे खऱ्या चुकीचं विचारायला देवीला सवडच मिळू नये. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. किंवा आता राहवतच नाही म्हणून. पण आधी मला मंदाबद्दल बोलू द्या. मंदाबद्दल बोलायला लागले की मला फार बरं वाटतं. आणि खरं तर हीच सगळी अडचण आहे.

मंदा म्हणजे मंदाकिनी, माझी मैत्रीण. अहमदपूरला आम्ही एका गल्लीत वाढलो, एका बाकावर बसलो, आणि लग्नं झाल्यावरही आमच्या दोघींच्या घरांत हाकेचंच अंतर राहिलं. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. मंदा घरीच विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायची. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे शनिवारची दुपार आमची. मंदाच्या बैठकीत पडदे ओढायचे, परातीत मुरमुऱ्यांचा सुशीला, वर बचकभर शेंगदाणे, आणि समोर भुताचा पिक्चर. आधी भाड्याची कॅसेट असायची, मग सीडी आली, मग केबल, आणि शेवटी मंदाच्या लेकीनं टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि जगातली सगळी भुतं आमच्या सेवेला हजर झाली. शनिवार चुकला असं फार क्वचित झालं. बाळंतपणातसुद्धा आम्ही बाळाच्या कानावर टोपडं ओढून पिक्चर बघितलेला आहे.

मंदाचे यजमान दत्ताभावजी. मोंढ्यात त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. माणूस अंगानं दांडगा, पोतं एका हातानं उचलेल. पण पडद्यावर दार नुसतं करकरलं तरी यांना दुकानातलं काम आठवायचं. चप्पल घालता घालता म्हणायचे, “तुमचं चालू द्या वहिनी, मला जरा मापं बघायची हायत.” आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायचे. आतून किंकाळी आली की ओट्यावरून “मंदे, बरी हायस का?” अशी हाक यायची, आणि आम्ही हसून हसून सुशीला सांडायचो.

बाकीची माणसं भुताचा पिक्चर घाबरायला बघतात. मंदा भांडायला बघायची. मोठा वाडावजा बंगला, जिन्यात उभा देखणा नवरा, आणि त्यानं बायकोचा हात धरून म्हणायचं — तू फक्त माझी आहेस. झालं! मंदा चमचा खाली ठेवायची. “ह्यो बघ. ‘फक्त माझी’ म्हणाला की समजायचं, भूत यायची वाट बघायची गरज न्हाई. आलेलंच हाय.” आणि अर्ध्या तासात तो नवरा बायकोला खोलीत कोंडतच असे. हडळ आली की हिला तिची दया. म्हणायची, हिला न्हाऊ घाला, केसांना तेल लावा, पोटभर जेवू घाला, निम्मा पिक्चर इथंच संपतोय. पण नाही, या हडळीला पिक्चरभर कुणी साधं पाणीसुद्धा विचारत नाही.

इतकी वर्षं हे ऐकून ऐकून मी शहाणी झाले. इतकी, की गेल्या वर्षी नांदेडच्या एका वाचकमंडळानं बायकांच्या कार्यक्रमात बोलायला बोलावलं, तेव्हा मी विषय कळवला — भुताच्या पिक्चरमधले पुरुष, त्यांचं प्रेम आणि त्यांच्या बायका. त्यांना बहुतेक ओव्या-अभंगांवर काहीतरी हवं होतं. पण छापून गेलेलं होतं, मग काय करतील?

मंदा अर्थातच सोबत आली आणि पहिल्या रांगेत बसली. आणि माझं भाषण असं रंगलं म्हणून सांगू! मी म्हणाले, या पिक्चरमधला पुरुष दारू पितो, संशय घेतो, कुणाला तरी भिंतीत चिणतो. पण त्याला एक दुःखी लहानपण मिळतं. आई लवकर गेलेली, बाप मारकुटा, मागे सनई, थोडा पाऊस. आपण चुकचुकतो, म्हणतो, बिचाऱ्याचं प्रेमच होतं हो, वाट चुकलं. आणि बाईला काय मिळतं? उलटे पाय. तिचं लहानपण कुणी दाखवत नाही. ती मेल्याशिवाय तिचं म्हणणं कुणी ऐकत नाही, आणि मेल्यावर बोलली तर मांत्रिक बोलावतात. आणखी म्हणाले — कुणाला जाऊ न देणं याला हे पिक्चर प्रेम म्हणतात. आपण तरी म्हणू नये.

टाळ्या पडल्या. शाल, नारळ, फोटो. मंदा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी तिखट-मीठ लावलेले पेरू खात बसलो होतो. लोहा मागं पडलं असेल. मंदा खिडकीशी. जरा वेळानं म्हणाली, “समदं बरोबर बोललीस शैले. पण एक इचारू का? धरून ठेवणारा दरवेळी गडीच का असतोय पिक्चरमधी? बाईमाणसाला न्हाई का तेवढी माया सुटत?”

पेरूची बी घशात गेली. मी इतकी खोकले की पुढच्या सीटवरच्या बाईंनी पाण्याची बाटली दिली. मंदा पाठ चोळत होती आणि हसत होती. तुम्हाला वाटेल, तिला माहीत होतं आणि ती डिवचत होती. नाही हो. मंदाच्या पोटात काही राहत नाही. तिला कळलं असतं तर ते त्याच दिवशी तिनं माझ्या तोंडावर फेकलं असतं. ती आपली सहज बोलली. आणि पुढं म्हणाली, उतरल्यावर भेळ खायची का?

मग बसले मी तशीच, अंगावर शाल, मांडीवर नारळ.

आता इथे मी तुम्हाला माझं लहानपण सांगू शकते. पण माझी आई ठणठणीत आहे. बाबांनी कधी बोट लावलं नाही. मला बहीण आहे, ती बरी आहे. मी खूप शोधलं, त्या भिंतीत चिणणाऱ्या माणसासारखी मागं वाजवायला एखादी सनई सापडते का म्हणून. नाही सापडली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली धडधाकट, शहाणी मुलगी होते, आणि मी काय करतेय ते मला कळत होतं. हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

माझं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. गावातलंच स्थळ, पलीकडची गल्ली. माझा आनंद गगनात मावत नव्हता, आणि त्यातला निम्मा आनंद, खरं सांगते, गावातच राहायला मिळणार याचा होता. मंदाचंही इथंच कुठंतरी जमेल असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. मंदाला विचारलं होतं का? नाही. विचारायचं काय त्यात?

आणि मग ते रत्नागिरीचं स्थळ आलं. मुलगा मूळचा परभणीकडचा, तिकडे कॉलेजात शिकवायचा. मंदा बी.एस्सी. करत होती. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत एक समुद्रघोडा ठेवलेला होता, औषधाच्या पाण्यात, पिवळा पडलेला. मंदा दर प्रॅक्टिकलला त्याला भेटून यायची. आमच्याकडे समुद्र कुणी बघितला होता? पाणी म्हटलं की टँकर. पण हिनं कॉलेजच्या वाचनालयातून किनाऱ्यावरच्या जीवांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं आणि ते परत द्यायचं नावच घेत नव्हती. मध्यस्थ सांगून गेला की मुलगा म्हणतो, मुलीनं पुढं एम.एस्सी. करावी, आमच्याच कॉलेजला सोय आहे. संध्याकाळी मंदा धावत माझ्याकडे आली. मुलगा गोरा की काळा, उंच की बुटका, एक शब्द नाही. डोळे मोठे करून म्हणाली, “शैले, समुद्र म्हणं कॉलेजच्या मागंच हाय.”

मी म्हणाले, अरे वा. आणि त्या क्षणापासून मला ते स्थळ आवडेनासं झालं. त्या मुलाचा राग नव्हता, त्याला तर मी पाहिलंही नव्हतं. त्या समुद्राचाच राग आला.

बघायचा कार्यक्रम झाला त्या दिवशी मंदाची साडी मीच नेसवली. वेणी मीच घातली, अबोलीचा गजरा मीच माळला. पोहे मीच केले, आणि चांगले झाले होते. मुलगा, त्याची आई आणि त्याची एक आत्या, असे आले होते. मुलगा भला वाटला. लाजत होता. मंदानं काय वाचता विचारल्यावर तो इतका खुलून बोलायला लागला की दोघं जण बाकीच्यांना विसरूनच गेले. मी दाराआडून बघत होते. मंदा हसली. ते तिचं खरं हसणं होतं, शनिवारचं.

आता आमच्याकडे एक रीत आहे, कुठं लिहिलेली नाही, पण सगळ्या बायकांना ठाऊक असते. मुलीच्या आईबापांना कुणी मुलीबद्दल खरं विचारत नाही, ते काय सांगणार? पोहे झाले की मुलाकडची एखादी जाणती बाई हात धुवायला मागच्या अंगणात जाते. पाणी घालायला मुलीची मैत्रीण जाते. आणि तिथं, न्हाणीशी, दोघी वाकलेल्या असताना, खरी चौकशी होते. मैत्रिणीनं दोन चांगले शब्द बोलायचे आणि तांब्या घेऊन आत यायचं. बस, एवढंच तिचं काम.

आत्याबाई आल्या. मी तांब्या वाकवला. हात चोळत त्या म्हणाल्या, “पोरगी गोड आहे गं. स्वभावानं कशी आहे? तू तर लहानपणापासूनची मैत्रीण.”

मी म्हणाले, “स्वभावानं सोनं हाय हो. फक्त अमावास्येला जरा जपावं लागतं.”

पाण्याखाली त्यांचे हात थांबले. मी धार तशीच धरली. त्यांनी वर माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं, आणि मग त्यांनी हात परत चोळायला सुरुवात केली, पुन्हा पुन्हा, जणू काही लागलंय हाताला.

सांगितलं. हेच ते.

त्यात नखाएवढंही खरं नव्हतं. मंदाला अमावास्येला काय, कधीच काही होत नसे, साधी सर्दीसुद्धा माझ्या आधी तिची बरी व्हायची. आणि ते वाक्य माझंही नव्हतं. आम्ही दोघींनी थिएटरात बायकांच्या बाजूला बसून एक भुताचा पिक्चर पाहिला होता. त्यात नव्या सुनेला घराबाहेर काढायला एक दुष्ट चुलतसासू असंच काहीतरी कुजबुजते. तिला मंदानं आणि मी मिळून इतक्या शिव्या घातल्या होत्या की डोअरकीपरनं येऊन बॅटरी मारली. तेच मी उचललं. आवाजसुद्धा तिचाच काढला — हळू, काळजीचा, मायेचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो आवाज खोटा नव्हता. माया होतीच ना. मायेपोटीच तर तिच्यावर भूत बसवलं मी.

आठवड्याभरानं मध्यस्थ आला, पत्रिका जमत नाही म्हणून सांगून गेला. मंदाच्या वडलांना काही कळेना, कारण पत्रिका तर आधीच बघितली होती.  मग एकदा मंदा मला म्हणाली, बरंच झालं बाई, तिकडं रोज मासे खावे लागले असते. मी हसले. आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी तिनं ते जाडजूड पुस्तक वाचनालयात नेऊन दिलं. मी तिच्याबरोबर गेले होते.

मग उदगीरचं एक स्थळ आलं आणि न बघताच परत गेलं. त्या वेळी तर मी तोंडही उघडलं नव्हतं. माझं वाक्य आपल्या पायानं फिरायला लागलं होतं. गल्लीत कुजबुज झाली, मंदाच्या कानावर गेली, आणि तिच्या घरच्यांनी ठरवलं की हे काम शेजारच्या सुमनकाकूंचं. का? तर काकूंचा आणि त्यांचा भिंतीवरून जुना वाद होता आणि काकू तोंडानं फटकळ होत्या. संक्रांतीला मंदानं काकूंच्या घरचं हळदीकुंकू बंद केलं. मीही केलं — मैत्रिणीच्या बाजूनं उभी राहिले म्हणे! काकू एकदा रस्त्यात माझा हात धरून म्हणाल्या होत्या, “पोरी, मी न्हाई गं बोलले.” मी हात सोडवून घेतला. काकू आता नाहीत. माझ्या वाट्याची बोलणी त्या जन्मभर खात राहिल्या.

शेवटी दत्ताभावजींचं स्थळ आलं. त्यांच्या आई बघायला आल्या, भरभक्कम बाई, नऊवारीतल्या. त्यांच्याही कानावर ते गेलेलं होतंच. पण त्या न्हाणीशी वगैरे गेल्या नाहीत. भर बैठकीत पोहे खाता खाता म्हणाल्या, “अमावास्येला काय तरी होतंय म्हणं पोरीला.”  माझ्या हातात पाण्याचा ट्रे होता. आणि म्हातारी म्हणाली, “मग आमचा तर वर्साचा मोठा सण अमावास्येलाच असतोय. येळवसेला शेतात शंभर माणूस जेवतंय. अंगात येऊ दे न्हाई तर काय बी येऊ दे, भज्जी ढवळायला दोन हात लागत्यात.”

बैठकीत असा हशा उठला! मंदाचे वडील हसता हसता रडले. मंदा पदरात तोंड घालून हसत होती. आणि मी? मी सगळ्यांपेक्षा जास्त हसले. कारण दत्ताभावजींचं घर माझ्या सासरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

लातूरकडची येळवस तुम्हाला माहीत नसेल तर एकदा तरी या. पौषाच्या तोंडावर सगळं गाव शेतात जातं, कडब्याची खोपीसारखी कोप घालतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे आणि आंबील, ओळखीचा-अनोळखी कुणीही आला तरी बसवून वाढतात. दरवर्षी त्या शेतात मंदा पदर खोचून आंबील वाटायची आणि सासू मोठ्यानं ओरडायची, “पोरीला जपा रे, आज अमावास्या हाय!” आणि सगळं शेत हसायचं. माझ्या खोट्याचा त्या बाईनं असा खेळ करून टाकला. मीही पानावर बसून हसायचे. चांगली पोटभर जेवायचे.

इथं तुम्ही म्हणाल, मग झालं की सगळं चांगलं. झालंच. मंदा सुखी आहे. दत्ताभावजींसारखा माणूस शोधून मिळणार नाही. ‘फक्त माझी’ तर सोडाच, तो माणूस मंदाला विचारल्याशिवाय स्वतःलाही स्वतःचं म्हणत नाही. पण मंदाचं एम.एस्सी. राहिलं. सासरी कुणी अडवलं नाही, पण गावात सोय नव्हती, मग लेक झाली, मग ते मागंच पडलं. शिकवणीत मुलांना समुद्रातले जीव शिकवताना ती हातवारे करून, गाल फुगवून असं शिकवायची की पोरं खिदळायची. मी कधी दारात थांबून ऐकायचे. इतकं छान शिकवायची. एकदाही न बघितलेलं.

आणि मी सुखी होते. हे मला स्वच्छ सांगायचंय. मला टोचणी लागून रात्ररात्र झोप नाही, असं काही झालं नाही. मी या सगळ्या वर्षांत फार, फार आनंदात होते. तिच्या ओसरीवरचे पापड, तिच्या लेकीचं बारसं, आमचे शनिवार, ओट्यावरून येणारी दत्ताभावजींची हाक. एवढं सुख कुणाला मिळतं? मला मिळालं, कारण ते मी घेतलं. ज्याचं होतं त्याला न विचारता.

मागच्या वर्षी मंदाच्या लेकीला पुण्यात बाळ झालं. लेक नोकरीची, जावई नोकरीचा, आणि त्यांनी हट्ट धरला की आई-बाबांनी आता तिकडंच यावं. दुकान दत्ताभावजींनी पुतण्याच्या हाती दिलं. घर भाड्यानं द्यायचं ठरत होतं. शनिवारी पिक्चर लावायच्या आधी मंदानं माझ्याकडं बघितलं. “जाऊ का गं मी?”

आणि काय सांगू, माझ्या जिभेवर सगळं तयार होतं! जावयाच्या घरात राहायचं म्हणजे. पुण्यात कोण विचारणार तुला. भावजींचा जीव रमणार नाही फ्लॅटमध्ये. तोच हळू, काळजीचा, मायेचा आवाज, घशाशी येऊन बसलेला. इतक्या वर्षांत त्याच्यावर जरासुद्धा गंज चढला नव्हता.

मी म्हणाले, “जा.”

मंदाचं तोंड पडलं. “एवढं पटकन? मला वाटलं, रडशील, अडवशील.” रुसलीच ती. अर्धा पिक्चर तोंड फिरवून बसली. मग हडळ आली, आणि तिचं तिलाच राहवेना. त्या ‘जा’ची कृपा करून वाहवा करू नका. एकदा दार लावलं नाही म्हणजे आधी लावलेलं उघडत नाही.

गेली ती. शनिवारी आम्ही फोन चालू ठेवून इकडं-तिकडं एकच पिक्चर लावतो. ती तिकडून ओरडते, मी इकडून. तिकडच्या बाल्कनीत भावजी बसलेले असतात. म्हणजे आनंद आहेच, अजून आहेच.

आणि मग गेल्या महिन्यात एका दुपारी तिचा व्हिडिओ फोन आला. आधी पडद्यावर नुसतं आभाळ, मग वाळू, मग मंदाचे पाय, मग मंदा. लेक-जावई त्यांना कोकणात घेऊन गेले होते. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, सगळी भिजलेली, केस सुटलेले, तोंडावर खारं पाणी. मागं दत्ताभावजी दोघांच्या चपला छातीशी धरून लांब उभे, लाट आली की मागं सरकणारे. मंदा खिंकाळल्यासारखी हसत होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कसलासा ओला शंख, त्यातून काहीतरी बारीक पाय काढून चालायला बघत होतं, आणि ती मला त्याचं शास्त्रीय नाव सांगत होती. न अडखळता.

मग एक मोठी लाट आली, ती पडता पडता वाचली, आणि हसता हसता म्हणाली, “शैले, असं असतंय व्हय हे! मला कुणी आधीच का न्हाई आणलं गं इथं?”

मी म्हणाले, रेंज जातेय. आणि फोन कापला. रेंज पूर्ण होती.

म्हणून हे लिहिलं. मंदा येत्या येळवसेला येतेय, शेतावर जायच्या आदल्या दुपारी. माझ्याकडेच उतरणार आहे. मी आजवर जे जे लिहिलं, भाषणं, सत्कारातली मनोगतं, ते तिनंच आधी वाचलंय आणि चुका काढल्यात. हेही मी तिच्याच हातात देणार आहे. आणि ती वाचेल तेव्हा समोर बसणार आहे, तिला दिसेन अशी. चहा ठेवायच्या निमित्तानंसुद्धा उठणार नाही.